नावाची ओळ

“डालग्याखाली कोंबडी झाकल्यागत बसवलंय. वारं न्हाई, उजेड न्हाई, आणि वर म्हणं हलायचं बी न्हाई.”

हे सोनुबाई कुणाला उद्देशून बोलली नव्हती. समोरच्या गोणपाटाला तिनं ते ओठातल्या ओठात सांगितलं होतं. पण काचेच्या अलीकडं हेडफोन लावून बसलेल्या तिच्या लेकीला, पारमिताला, ते असं ऐकू आलं की आई खांद्यावर हनुवटी टेकून बोलतेय.

“आई, ऐकू येतंय मला,” पारमिता माइकवरून म्हणाली.

सोनुबाई दचकली. “कसं काय? मी तर मनात बोललो.”

“तुझं मनातलं बी येतंय आता. नवीन पेटी लावलीया न्हवं.”

“अगं बया!” असं म्हणून सोनुबाईनं पदर तोंडाशी धरला. शेजारी स्टुलावर आप्पा, म्हणजे यल्लाप्पा निपाणीकर, उजवा हात कानाशी नेऊन कधीचे तयार बसले होते. माइक समोर आला की त्यांना मायलेकींचं काय चाललंय ते कळत नसे. हल्ली तसं बाकीचंही फारसं कळत नसे.

पेटी म्हणजे कॉम्प्रेसर. निपाणीत कॉम्प्रेसर म्हटलं की माणसाला एकतर फ्रिज आठवतो, नाहीतर हायवेवरचा पंक्चरवाला. पहिल्या दिवशी सोनुबाईनंही विचारलं होतं, “हवा कशात भरायची हाय?” मग पारमितानं समजावलं, की गाणारा माणूस मधेच ओरडतो, मधेच पुटपुटतो. हे यंत्र ओरडणं जरा दाबून धरतं आणि मग सगळंच मिळून वर उचलतं. मोठं असतं ते फार मोठं राहत नाही, बारीक असतं ते वर येतं.

“म्हंजे सासूला दमात घेतंय आणि सुनंला बोलायला लावतंय,” सोनुबाई म्हणाली होती. “आमच्या टायमाला न्हवतं बाई असलं काय.”

स्टुडिओ म्हणजे जुन्या मोटार स्टँडमागं एका बंद छापखान्याच्या माडीवरची दीड खोली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या आणि वर तंबाखूच्या वखारीतली गोणपाटं ठोकलेली. वखार बंद पडली तेव्हा पारमितानं ती ओझ्यानं उचलून आणली. आठ वर्षं झाली, तरी उन्हं तापली की गोणपाटं वास सोडायची आणि सोनुबाई शिंकायची. तिनं त्या वासात एकतीस वर्षं पाला चाळला होता.

पारमिता चव्वेचाळीस वर्षांची. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली त्याला बारा वर्षं झाली, आणि का आली हे तिला घरात कुणी विचारलं नव्हतं. ह्या घराला न विचारायची सवयच होती. रेकॉर्डिंगचं काम ती फोनवरचे व्हिडिओ बघून, चुकत, शिकली. रिक्षातून फिरवायच्या जाहिराती मराठीत आणि कन्नडात, हळदीची गाणी, वाढदिवसाच्या शुभेच्छा, यात्रेच्या सूचना, असलं सगळं ती करायची. आप्पांची गाणी मात्र राहून राहून राहिली होती. शाहीर यल्लाप्पा निपाणीकर आणि पार्टी, असं एका काळी खानापूरपासून संकेश्वरपर्यंत भिंतींवर रंगवलेलं असायचं. बुद्धविहार झालं, जयंती आली, कुठं पुतळा बसला, की आप्पांची पार्टी आधी ठरायची आणि मंडप नंतर.

गेल्या पावसाळ्यात आप्पा गूळ आणायला म्हणून गेले आणि चिकोडीच्या गाडीत बसून चिकोडीला उतरले. तिथं त्यांनी एका दुकानदाराला विचारलं, “आमचं घर कुठं हाय?” बेळगावच्या डॉक्टरांनी कागदावर आजाराचं नाव लिहून दिलं. तो कागद पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाखाली गेला आणि घरात सगळे “वय झालं” एवढंच म्हणू लागले. गंमत अशी, की चाली आप्पांना जवळजवळ सगळ्या येत होत्या. आलाप तर पूर्वीसारखाच, पत्रा फाडून जाणारा. जात होते ते शब्द.

म्हणून पारमितानं ठरवलं की आठ गाणी तरी धरून ठेवायची. विहाराच्या कमिटीनं जयंतीला ती सगळ्यांच्या फोनवर सोडायचं ठरवलं. सात झाली होती. सातही अशीच, आप्पा स्टुलावर, सोनुबाई शेजारी चटईवर. नाव गरम पाणी द्यायला बसल्याचं, पण काम दुसरंच. प्रत्येक ओळ ती आधी हळूच सांगायची आणि आप्पा ती उचलायचे. एक ओळ चुकली नाही.

ही सात गाणी पारमितानं थेट कॉम्प्युटरवर घेतली होती आणि दाबणं-उचलणं मागाहून सॉफ्टवेअरवर केलं होतं. तिथं तिची गाडी अडली. आप्पांच्या ओळीचं शेपूट खाली खाली जायचं. ते उचलावं तर त्याच्याबरोबर आईची कुजबुज वर यायची. कुजबुज झाकावी तर आप्पांचे शेवटचे शब्द बुडायचे. मधली रिकामी जागा आपोआप कापणारं एक बटण असतं, तेही लावून बघितलं. पण आप्पांचा सूर अजून हवेत असतानाच आई पुढची ओळ सुरू करायची, त्यामुळं बटणानं आईबरोबर आप्पांचा सूरही छाटला. बकऱ्याचं शेपूट तुटावं तशी प्रत्येक ओळ.

धाकटा भाऊ दीपंकर बेळगावात बँकेत अधिकारी. सॉफ्टवेअर त्यानंच घेऊन दिलेलं.

“आक्का, त्यात आता दुसरं एक निघालंय,” तो फोनवर म्हणाला. “दोन माणसांचे आवाज वेगळे करतंय. आईचा आवाज निवड, डिलीट कर. विषय संपला. चुकलं तर परत मागं जाता येतंय.”

“आईचा आवाज डिलीट कर?”

“तसं न्हवं गं. म्हंजे कुजबुज. लोक काय म्हणतील? शाहीर यल्लाप्पांना बायको ओळी सांगतीया?”

पारमितानं ते केलं नाही. तिनं एक दिवस सकाळची गाडी धरून बेळगाव गाठलं आणि टिळकवाडीत सुहासरावांकडं गेली. त्यांचा तीस वर्षांचा स्टुडिओ बंद पडत होता. सुहासराव खोकी बांधत होते, आणि प्रत्येक खोक्यावर आधी लिहून, मग ते खोडून, दुसरंच लिहीत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एक जड काळं यंत्र तिच्यासमोर ठेवलं. पुढं चार बटणं आणि काचेमागं एक पिवळट काटा.

“खरी वस्तू आहे,” ते म्हणाले. “माइक आणि कॉम्प्युटर यांच्या मधे लावायची. गाणाऱ्याचा आवाज हिच्यातूनच आत जाणार. कॉम्प्युटरवरचा कॉम्प्रेसर काय हो, आज लावला, उद्या काढला. मूळ आवाज खाली तसाच असतो. ही एकदा दाबते ती दाबते. मागं जाता येत नाही.”

“मग ही घ्यावी कुणी?”

सुहासराव थोडं हसले. “मला नेहमी वाटायचं, मागं जाता येतं म्हणून आपण नीट ऐकतच नाही. पण माझ्या मताचं काय घेऊन बसलात? माझं दुकान बंद होतंय. पंधरा दिवस न्या, वापरून बघा.”

खरं कारण पारमितानं त्यांना सांगितलं नाही. तिला वाटत होतं, ही खरी पेटी आप्पांना नेमकं उचलेल आणि आईला खाली ठेवेल. यंत्र महागाचं, त्याला तेवढी समज असणार. झालं उलटंच. आप्पांचा जोराचा सूर संपला की पेटी आपली पकड हळूहळू सैल करायची आणि त्या फटीत आईची कुजबुज असल्या गोडीनं वर यायची की काय सांगावं. सॉफ्टवेअरमधे ती चोरून आल्यासारखी वाटायची. इथं ती दार उघडून आत यायची.

आठवं गाणं वखारीचं. ते आप्पांना चालीसकट निसटायला लागलं होतं, म्हणून पार्टीचे जुने ढोलकीवाले गुंडूकाका एक कॅसेट घेऊन आले. संकेश्वरच्या कार्यक्रमाची, तीस वर्षांपूर्वीची. वरच्या कागदावर उंदरांनी पार्टीतली निम्मी माणसं खाल्लेली.

“ढोलकी ऐक आदी,” गुंडूकाका म्हणाले. “तवा माझा हात असा न्हवता.” त्यांची बोटं आता कापत होती, तरी आठही गाण्यांची ढोलकी त्यांनी हट्टानं स्वतः वाजवून दिली होती.

टेप फार क्षीण होती. पारमितानं ती पेटीतून घातली. काटा हलला. आधी माणसांचा गलका वर आला, मग ढोलकी, मग तरणेबांड आप्पा.

*चाळून चाळून दिस सरला, बाई,*
*पापणीत राहिला अंधार…*

आणि त्या “अंधार”च्या मागं, सूर ओसरता ओसरता, एक बाईमाणसाचा आवाज, घाईनं, दातांवर दात ठेवून बोलल्यासारखा: “धुरळा. धुरळा म्हणा.”

आप्पांनी ओळ घोळवली. *पापणीत राहिला धुरळा.*

पारमितानं टेप थांबवली. मागं घेतली. पुन्हा लावली. मग पुढं जाऊ दिली. प्रत्येक ओळीच्या आधी तोच आवाज. ओळ आधी तिथं आणि मग आप्पांच्या तोंडात.

तीस वर्षांपूर्वी आप्पा काही विसरत नव्हते. तेव्हा त्यांना शाळेतल्या चारशे पोरांची नावं बापाच्या नावासकट पाठ होती. ते शाळेत शिपाई होते. वखारीच्या दारात जरी उभे राहिले तरी शिंका यायच्या म्हणून रस्त्यापलीकडनं आईला हाका मारायचे. पापणीच्या आत बसलेला धुरळा त्यांना कुठनं ठाऊक असणार?

तिनं गुंडूकाकांकडं बघितलं. गुंडूकाका ढोलकीची दोरी ओढत होते. ढोलकी कुठंच सैल नव्हती.

“काका, हे मागं कोण बोलतंय?”

“जुनी टेप हाय, पोरी. कायतरी घासत असंल.”

“घासणारं ‘धुरळा म्हणा’ म्हणतंय?”

“मला कानानं कमी येतंय आता,” म्हणत गुंडूकाका उठले आणि चपला शोधायला लागले.

“चहा ठेवलाय की.”

“नगं. उनाचं पित्त हुतंय.” जिन्यात ते थांबले. वळले नाहीत. “आम्ही साताठ जण हुतो पार्टीत. तुझी आई कोरसला मागं बसायची. कुणी काय बोललं न्हाई कदी. बोलायचं काय त्यात? चांगलं चाललं हुतं.” आणि खाली गेले.

पारमिता कॅसेट शेवटपर्यंत ऐकत बसली. असल्या गाण्यात शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं, ही रीतच. ह्यातही होतं. *यल्लाप्पा सांगे, बाई गं, उघड वखारीचं दार.* ह्या ओळीपर्यंत कुजबुज एकदाही चुकली नव्हती. ह्या ओळीआधी मात्र काहीच नव्हतं. तिनं पेटीचं बटण होतं तितकं फिरवलं. मंडपातलं कुणाचं तरी तान्हं रडलेलं वर आलं, टेपची सरसर आली, पण आई नाही. नावाची ओळ आप्पांनी एकट्यानं म्हटली होती.

मग तिनं सात गाणी काढली, महिन्याभरात तिनंच घेतलेली. सातही ठिकाणी तेच. आई सगळं सांगत होती आणि नावापाशी गप्प होत होती. सातही वेळा आप्पांना आपलं नाव आपणहून आठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात गेली तेव्हा सोनुबाई भाकरी थापत होती. आप्पा सोप्यात खुर्चीवर झोपले होते.

“आई, वखारीचं गाणं कधी झालं गं?”

“कुणास ठाव. तू दुसरीला असशील.”

“आप्पांनी कुठं बसून लिवलं?”

“वहीत लिवलं. तुझ्या आप्पांचं अक्षर लई सुरेख. मला मेलीला चौथीच्या फुडं कुठं लिवता येतंय?”

“लिवायचं न्हाई विचारत मी.”

सोनुबाईनं भाकरी तव्यावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला. “हे बघ. गाणं काय आणि भाकरी काय. कुणी थापली, कुणी वाढली. खाणाऱ्याचं पोट भरल्याशी मतलब.”

“थापणारीचे हात भाजत्यात.”

“भाजत्यात की. मग काय ताटात हात वाढायचं व्हय?” ती हसली. पण भाकरी उलटायची राहिली आणि करपली. तिनं ती बाजूला काढून स्वतःच्या ताटात टाकली, जशी नेहमी टाकायची. मग पारमिताकडं न बघता म्हणाली, “दीपूचा फोन आलता. माझा आवाज काढता येतोय म्हणं. काढ की मग. आडलंय कशाला? धुरळाच त्यो. चाळून टाकायचा.”

“आई…”

“त्यांच्या डोक्यातनं समदं चाललंय, पारू. बायकूचं नाव बी मधेच जातंय. परवा मला ‘आक्का’ म्हणून हाक मारली. एवढं शाहीरपण तेवढं ऱ्हायलंय. त्ये बी मी काढून घीऊ? आता?”

पारमिता ती करपलेली भाकरी आईच्या ताटातनं घेऊन खाऊ लागली आणि आईनं ती परत हिसकावून घेतली.

संध्याकाळी दीपंकरनं, कमिटीनं ह्या गाण्यांसाठी केलेल्या मुखपृष्ठाचा फोटो पाठवला. निळ्यावर पांढरी अक्षरं. गीत, संगीत, गायन: शाहीर यल्लाप्पा निपाणीकर. पारमितानं त्याला फोन लावला.

“दीपू, ह्यात ‘गीत’ लिवलंय.”

“मग?”

“मग काय. तुला काय वाटतंय?”

पलीकडं दार उघडल्याचा, मग गाड्यांचा आवाज आला. “आक्का, आप्पांची पेपरात मुलाखत आलीया. त्यांना विहारात शाल मिळालीया. कितीतरी पोरं त्यांचं नाव घेऊन गायला लागली. आणि त्यांचं हे असं झालंय. आता ह्या वेळी, आपल्याला लहानपणापासनं जे ठाऊक हाय ते…”

“काय ठाऊक हाय?”

“हॅलो? आक्का? रेंज जातीया बघ,” दीपंकर म्हणाला. बँकेच्या गेटासमोर, भर बेळगावात उभा राहून.

त्या रात्री पारमिता नेहमीच्या वेळी झोपली आणि नेहमीच्या वेळी उठली. तिनं काही मोठा निर्णय घेतला असं तिलाही म्हणता आलं नसतं. सकाळी स्टुडिओत जाऊन तिनं फक्त एक वायर काढली. आठवडाभर सरावात ती दोन्ही वाटांनी आवाज घेत होती, एक पेटीतून आणि एक थेट, साधा, मागाहून हवं ते करता यावं म्हणून. थेट जाणारी वायर तिनं गुंडाळून कपाटात ठेवली. राहिली ती एकच वाट. आत गेलं ते गेलं. आईचा आवाज आप्पांच्या आवाजात तिंबून जाईल. मग कुणी कितीही निवडू दे, कणीक आणि पाणी वेगळं करता येणार नाही, असा तिचा हिशेब. नाव वर कुणाचंही छापू दे. एवढंच तिला करता येत होतं आणि ते तिनं केलं. कुणाला सांगितलं नाही. न विचारायच्या घरात न सांगणंही असतंच.

रेकॉर्डिंगची वेळ दुपारी दोन ते चार. तेव्हा शाळेची घंटा नसते आणि उसाचे ट्रॅक्टर कमी असतात. गळीत संपत आलं होतं, तरी एखादा ट्रॅक्टर कारखान्याकडं जाताना कर्णा लावून जायचाच, आणि मग सगळं थांबवावं लागायचं.

आप्पा त्या दिवशी बरे नव्हते. जिना चढताना त्यांनी तीनदा विचारलं, “आपण कुणाकडं चाललोय?” सोनुबाईनं तीनदा सांगितलं, “पारूकडं. गायाला.”

“कोण गाणार?”

“तुमीच की ओ.”

“मग ठीक हाय,” आप्पा म्हणाले.

स्टुलावर बसवल्यावर, कानांवर हेडफोन घातल्यावर, त्यात गुंडूकाकांची आधीच घेऊन ठेवलेली ढोलकी सुरू झाल्यावर मात्र त्यांची पाठ सरळ झाली. हात कानाशी गेला. सोनुबाई चटईवर बसली, एकदा शिंकली, पदर नीट केला आणि पुढं झुकली.

पारमितानं काट्याकडं बघितलं आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

पहिलं कडवं. कुजबुज, मग आप्पा. कुजबुज, मग आप्पा. पेटी सूर दाबत होती, सोडत होती, आणि दोन आवाज एकाच माणसाच्या दोन श्वासांसारखे येत होते. “पापणीत राहिला धुरळा,” आई म्हणाली, आणि आप्पांनी ते उचलून छताला लावलं. पारमिताला एकदम वाटलं, हे गाणं आजवर कुणी पुरतं ऐकलेलंच नाही.

दुसरं कडवं. तिसरं. तिसऱ्यात आप्पा एकदा डगमगले, सोनुबाईनं तीच ओळ पुन्हा सांगितली, जरा मोठ्यानं, आणि ते सावरले. हायवे गप्प होता. शेवटचं कडवं आलं. त्यातल्या तीन ओळी झाल्या. राहिली ती नावाची.

सोनुबाई गप्प बसली, जशी नेहमी बसत आली होती.

आप्पांनी श्वास घेतला. तोंड उघडलं. काही आलं नाही.

ढोलकी फिरून समेवर आली आणि पुढं गेली. आप्पा तोंड तसंच उघडं ठेवून बसले होते. पुन्हा सम आली. गुंडूकाकांचे कापरे हात त्या जागेवर कितीही वेळ वाट बघायला तयार होते, कारण पारमितानं तो तुकडा लांबवून ठेवला होता. तिसऱ्यांदा सम आली. पारमितानं काचेतून आईकडं बघितलं. सोनुबाईचे ओठ घट्ट मिटलेले होते. हात मांडीवर एकावर एक. ती नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. वखारीच्या दारात हजेरी घेणाऱ्याकडं बघत उभी राहायची तशी, नाव कधी घेतो म्हणून.

दाबायला काही नव्हतं, म्हणून पेटीनं हात पूर्ण सैल सोडला. काटा मागं जाऊन टेकला. आणि आता खोलीतलं जे जे बारीक होतं ते वर यायला लागलं: आप्पांच्या छातीतली घरघर, आईच्या बांगडीचं एक टिचकं, तापलेल्या गोणपाटाची कुरकुर, हेडफोनमधून बाहेर झिरपणारी ढोलकी. आईचा श्वासही आला. नाकानं आत घेतलेला आणि धरून ठेवलेला.

थांबवावं, असं पारमिताला वाटलं. बोट बटणावर गेलंही. पण थांबवून पुन्हा घ्यायचं, तर मागं कुठं जायचं होतं?

आप्पांनी हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवली. वळले. आणि घरात मीठ कुठं ठेवलंय हे विचारावं तसे, जरा वैतागून, सोनुबाईला म्हणाले,

“गप का बसलीस? सांग की गं फुडचं. माझ्या ध्यानात कसं ऱ्हाईल? ही समदी गाणी तूच केलीस न्हवं?”